घटस्फोटानंतरचा रियाज

घटस्फोटानंतर गाण्याकडे वळणारे लोक साधारण दोन प्रकारचे असतात. लग्नाआधी शिकत होते आणि संसारात ज्यांचे गाणे मागे पडले ते एक, आणि पस्तिशी-चाळिशीत पहिल्यांदाच पेटीसमोर बसणारे दुसरे. पहिल्यांच्या वाटेत स्वतःचाच जुना आवाज येतो. कॉलेजात सहज लागणारा तार षड्ज आता लागत नाही, आणि गेलेल्या वर्षांचा हिशेब तिथे नको इतका स्पष्ट ऐकू येतो. दुसऱ्यांच्या वाटेत संकोच येतो. ‘हिला आता गाणं सुचतंय’ हे वाक्य नातेवाइकांत कुणीतरी म्हणतेच. दोघांनाही रियाज उपयोगी पडतो, मात्र तो कशासाठी करायचा आणि त्याच्याकडून काय मागायचे नाही, हे आधी ठरवावे लागते.

थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी 1967 मध्ये आयुष्यातील ताणाच्या प्रसंगांची एक मोजपट्टी मांडली. तीत जोडीदाराच्या मृत्यूला 100, घटस्फोटाला 73 आणि विभक्त राहण्याला 65 गुण आहेत. मोजपट्टी जुनी आहे, परक्या समाजातली आहे, तिच्यावर टीकाही झाली आहे. तरी तिची एक बाजू ध्यानात घेण्यासारखी आहे. त्या यादीत लग्नालाही 50 गुण आहेत, कारण तिथे मोजले जाते ते दुःखाइतकेच घडी नव्याने बसवण्याचे कष्ट. घटस्फोटानंतर जेवणाची वेळ, घरी परतण्याची घाई, रविवारचा बेत, कुणाला काय सांगायचे याची सवय, सगळेच एकदम सुटते. संध्याकाळी सात ते रात्री अकरा हे तास विशेष जड जातात. रियाजाची पहिली मदत इथे होते. तो दिवसात एक ठरलेली जागा अडवतो आणि ती जागा दुसऱ्या कुणाच्या येण्याजाण्यावर अवलंबून नसते.

गाणे ऐकणे आणि गाण्याचा रियाज करणे यांत इथे मोठा फरक पडतो. ऐकताना मन मोकळे राहते, आणि मोकळे मन त्या काळात जुन्याच भांडणाकडे धावते. ‘तेव्हा असे म्हणायला हवे होते’ या विचाराला पार्श्वसंगीत मिळते, एवढाच त्या ऐकण्याचा परिणाम होतो. रात्री दिवा मालवून विरहाची गाणी लावून बसण्याने हलके वाटते असे पुष्कळ जण सांगतात. ज्यांना तेच ते उगाळण्याची सवय आहे त्यांचे मात्र त्याने बहुधा नुकसानच होते. रियाजात मनाला काम असते. पलटा पाचव्यांदा म्हणताना धैवत उतरतो आहे की नाही, तीनतालाच्या नवव्या मात्रेला खाली कळली की नाही, तिहाई समेवर येते का, याकडे लक्ष द्यावे लागते. मात्रा मोजणे आणि मनातल्या मनात जुने संवाद चालवणे ही दोन कामे एका वेळी होत नाहीत. एक सुरू झाले की दुसरे सुटते. म्हणून या काळात वाद्य किंवा आवाज हाती घेणे हे ऐकण्यापेक्षा अधिक गुणकारी ठरते.

सुरुवात कधी करावी, याचे उत्तर ‘निकाल लागल्यावर’ असे बहुतेकांच्या मनात असते. ते बरोबर नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13-ब प्रमाणे परस्परसंमतीचा अर्ज करण्यापूर्वी पती-पत्नी किमान एक वर्ष विभक्त राहत असावे लागतात, आणि अर्जानंतर पुन्हा सहा महिने थांबण्याची तरतूद आहे. हे सहा महिने योग्य प्रकरणी माफ करता येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये स्पष्ट केले. संमती नसेल तर कौटुंबिक न्यायालयातल्या तारखा कित्येक वर्षे पडत राहतात. रियाज त्या तारखांना बांधला तर तोही पुढच्या तारखेवर जातो. विभक्त राहणे सुरू झाल्यावर, नव्या जागेत सामान लागले की, त्या आठवड्यातच रोजची निदान पंधरा मिनिटे बाजूला काढावीत. तारखेच्या दिवशी रियाज झाला नाही तरी चालेल. दुसऱ्या दिवशी मात्र चुकवू नये.

वाद्याचा प्रश्न याच टप्प्यावर उभा राहतो आणि तो बहुतेक वेळा दागिने-भांड्यांच्या यादीखाली हरवतो. माहेरहून आलेली पेटी, लग्नात मामांनी दिलेला तानपुरा, पहिल्या पगारातून घेतलेली सतार सासरच्या माळ्यावर राहून जाते. लग्नात, लग्नाआधी वा नंतर स्त्रीला मिळालेल्या भेटवस्तू हे तिचे स्त्रीधन असते आणि त्यावर तिचाच हक्क असतो. वाद्यही त्यात येते. पुरुषाचे वाद्य पत्नीकडे राहिले असेल तर तेही मागून घ्यावे. वकिलाकडे कन्सेन्ट टर्म्सचा (परस्परसंमतीच्या अटींचा) मसुदा तयार होत असतानाच त्यात वाद्य नावानिशी लिहावे, शक्य असल्यास छायाचित्र जोडावे. गुरूंच्या तालमींच्या कॅसेटी, बंदिशींच्या वह्या, जुन्या फोनमधली ध्वनिमुद्रणे यांना बाजारात किंमत नसते, म्हणून त्या वस्तू कुणी मुद्दाम अडवून ठेवत नाही, पण कुणी आठवणीने परतही देत नाही. त्या आधी हस्तगत कराव्यात.

अनेक वर्षे पडून राहिलेल्या वाद्याला आधी दुरुस्ती लागते. पेटीचा भाता गळतो, सूर उतरतात. तबल्याची पुडी सैल पडते. तानपुऱ्याची जवारी जाते आणि भोपळ्याला कधी बारीक चीर पडलेली असते. मिरजेच्या कारागिरांकडे जवारी काढण्यापासून भोपळा बदलण्यापर्यंत सर्व कामे होतात. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते काही उगाच नाही. दुरुस्तीचा खर्च त्या महिन्यांत जड वाटत असेल तर आवाजाच्या रियाजासाठी फोनवरचा तानपुरा पुरेसा आहे. नवे महागडे वाद्य घेण्याची मात्र घाई करू नये. घटस्फोटानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत मोठी खरेदी करून नव्या आयुष्याची नांदी करावी असे फार जणांना वाटते, आणि ती खरेदी नंतर कपाटावर धूळ खात पडते.

जे वाद्य जोडीदाराबरोबर शिकले, जी जुगलबंदी दोघांची म्हणून ओळखली जात होती, जे भावगीत साखरपुड्यात गायले होते, ते निदान वर्षभर बाजूला ठेवणे शहाणपणाचे. इथे मनाच्या घट्टपणाची परीक्षा पाहण्यात काही पुरुषार्थ नाही. रागांच्या बाबतीत हेच. ज्या रागाला कुठलीही आठवण चिकटलेली नाही असा राग घ्यावा.

आता प्रत्यक्ष रियाजाकडे. रडून रडून बसलेला घसा आणि जागरणाने शिणलेले शरीर घेऊन कुणी उंच स्वरात गाऊ नये. मानसिक ताणात घशात गोळा अडकल्यासारखे वाटणे ही अगदी नेहमीची तक्रार आहे. गळ्याभोवतीचे स्नायू आवळलेले असतात आणि त्यावर जोर दिला की आवाज फाटतो. बायकांचा नेहमीचा स्वर काळी चार वा पाच असेल तर काही महिने अर्धा किंवा एक स्वर खाली उतरावे. काळी एक-दोनमध्ये गाणाऱ्या पुरुषांनीही तसेच करावे. त्यात मानहानी नाही. उतरलेला स्वर सहा-आठ महिन्यांनी पुन्हा चढवता येतो. जोर देऊन घसा दुखावला तर मात्र कान-नाक-घसातज्ज्ञाकडे खेपा घालाव्या लागतात. आवाज तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसलेला राहिला तर एरवीही तपासून घ्यावा.

पहिली पाच मिनिटे तानपुरा लावून नुसते बसावे. मग मध्य सप्तकाचा षड्ज, अकारात किंवा मिटल्या ओठांनी गुंजारवात, आरामात टिकेल तेवढाच वेळ. श्वास पोटापासून घ्यावा आणि सोडताना सावकाश सोडावा. लांबलेल्या उच्छ्वासाने हृदयाची गती मंदावते, हे शरीरशास्त्र आहे. त्यासाठी कुठल्याही गूढ कल्पनेची गरज पडत नाही. त्यानंतर षड्जावरून खाली मंद्र पंचमापर्यंत हळूहळू उतरावे. खर्जाचा खोल रियाज पुस्तक वा व्हिडिओ पाहून करू नये, तो शिक्षकासमोरच शिकावा. मग दहा मिनिटे अलंकार, तेही ठेक्यासह. उरलेला वेळ एका रागाला. एका रागाला म्हणजे एकालाच, आणि निदान तीन महिने. घटस्फोटानंतर मन रोज नवे काहीतरी धरते आणि सोडते. रियाजाने त्या चंचलपणाची री ओढू नये.

राग कोणता, हा प्रश्न शिक्षकाचा असला तरी काही गोष्टी सांगता येतात. नवख्यांनी भूप घ्यावा. पाच स्वर, मध्यम-निषाद नाहीत, गोंधळाला जागा कमी. ज्यांचे काही शिक्षण झाले आहे त्यांच्यासाठी यमन उत्तम. त्याला आयुष्यभर पुरेल एवढा विस्तार आहे आणि तो बरोबर त्याच वेळचा आहे जी वेळ एकट्या घरात अंगावर येते. रागसमयाचा नियम पाळायचा की नाही यावर संगीतकारांत मतभेद आहेत. या परिस्थितीत तो पाळावा, कारण त्याने दिवसाला खुंट्या मिळतात. एका रागाचे पहिले महिने झाल्यावर सकाळी अर्धा तास भैरव, दुपारी सुटी असेल तर भीमपलास, दिवेलागणीनंतर यमन असे ठरले की दिवस आपोआप विभागला जातो. मारवा तेवढा टाळावा. सूर्यास्ताचा हा राग थोर आहे, पण त्यात षड्जावर विसावा जवळपास नसतो, आणि ज्याला आधीच कुठे टेकायला जागा नाही त्याने रोज संध्याकाळी तो का घ्यावा!

रियाज करताना रडू येते. बहुधा ते लांब षड्जावर किंवा विलंबित आलापात येते, कारण तिथे श्वास सैल होतो. त्यात वावगे काही नाही. तानपुरा चालू ठेवावा, पाणी प्यावे, पुन्हा षड्ज लावावा. मात्र रोज त्याच जागी रडू येऊन रियाज तिथेच संपत असेल तर काही दिवस आलाप बंद करून लयीच्या कामाकडे जावे: मध्यलयीतले पलटे, सरगम, तबल्याचा एखादा कायदा. तबला शिकणाऱ्यांना हा फायदा आयता मिळतो. ‘धा तिट’चे बोल दुगुणीत वाजवताना डोळ्यांत पाणी येत नाही असे नाही, पण ठेका चुकला की ते लगेच कळते आणि हात परत कामाला लागतो.

एक वही ठेवावी. तीत काय वाटले ते लिहू नये, काय केले तेवढेच लिहावे: तारीख, मिनिटे, कोणता अलंकार, कोणत्या लयीत, कुठे अडले. भावनांची रोजनिशी वेगळी ठेवायची असेल तर ठेवावी. रियाजाच्या वहीत ती शिरली की रियाजही भावनांच्या चढउतारावर चालू लागतो. पंधरा दिवसांतून एकदा पाच मिनिटांचे ध्वनिमुद्रण करावे आणि तीन महिन्यांनी पहिले व शेवटचे पाठोपाठ ऐकावे. सगळेच बिघडत चालले आहे असे वाटण्याच्या काळात स्वतःच्या कानांनी ऐकलेली सुधारणा कुणाच्याही धीराच्या शब्दांपेक्षा जास्त पटते.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांपुढे शेजाऱ्यांचा प्रश्न असतो आणि भाड्याच्या घरात एकट्या राहणाऱ्या स्त्रीपुढे तो दुप्पट असतो. ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री 10 ते सकाळी 6 हा शांततेचा काळ धरलेला आहे; तो पाळावा आणि वरच्या-खालच्या घरी रियाजाची वेळ आधी सांगून ठेवावी. सांगितल्याने तक्रारी कमी होतातच, शिवाय ‘एकटीच राहते’ याऐवजी ‘गाणं शिकते’ अशी ओळख इमारतीत तयार होते. ही लहान गोष्ट नाही. तबला-पखवाजासाठी खाली जाड सतरंजी घालावी आणि खोलीचे दार लावून घ्यावे.

मुले असतील तर रियाजाचे वेळापत्रक त्यांच्या भेटीच्या वेळापत्रकाशी जुळवून आखावे. मुले दुसऱ्या पालकाकडे गेल्यावर घरात जी शांतता पडते ती अनेकांना सर्वांत असह्य होते. मोठा रियाज, क्लास, मैफल या गोष्टी त्या दिवसांवर टाकाव्यात. मुले घरी असताना दहा-पंधरा मिनिटे पुरे. मूल जवळ येऊन बसले तर त्याला ठेका धरायला द्यावा. त्याला आईच्या किंवा बाबांच्या दुःखाचा श्रोता मात्र करू नये, आणि दुसऱ्या घरी जाऊन ‘आई रोज गाते’ हे सांगण्याचे कामही त्याच्यावर येऊ देऊ नये.

शिक्षक हवाच. एकट्याने केलेला रियाज या काळात सहज कोपऱ्यात बसण्याचे निमित्त होतो. आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी कुणीतरी वाट पाहत आहे, धडा झाला नाही तर विचारणार आहे, याचे मोल फार आहे. घटस्फोटाविषयी सांगायचे का? न्यायालयाच्या तारखांमुळे तास चुकणार असतील तर एका वाक्यात सांगावे, तपशील देऊ नये. शिक्षक हा समुपदेशक नव्हे, आणि चांगला शिक्षक बहुधा पुढे विचारतही नाही, पेटी पुढे ओढून सा धरायला सांगतो. मन कोवळे असताना गुरूवर किंवा सहाध्यायावर सारा जीव टाकण्याचा मोह होतो. गुरु-शिष्य नात्यातल्या आदराचा गैरफायदा घेणारेही असतात. तासाची वेळ, जागा, फी या गोष्टी पहिल्या दिवशी स्पष्ट असाव्यात आणि काही खटकले तर शिक्षक बदलण्यात भीड धरू नये.

घटस्फोटानंतरच्या संगीताविषयी बोलताना अन्नपूर्णा देवींचे नाव हमखास घेतले जाते. मैहरच्या उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांची ही कन्या सूरबहारच्या थोर वादक. पंडित रविशंकर यांच्यापासून वेगळ्या झाल्यावर त्या मुंबईत राहिल्या, मंचापासून कायमच्या दूर राहिल्या आणि 2018 मध्ये निधन होईपर्यंत संगीत बहुतांशी त्यांच्या घराच्या भिंतींच्या आतच राहिले. त्यांच्या एकांताची गोष्ट रंगवून सांगितली जाते आणि दुखावलेल्या माणसाला ती फार मोहवते. त्या घरात शिष्यांची तालीम चालत असे, हे तिथे विसरले जाते. निखिल बॅनर्जी, हरिप्रसाद चौरसिया, नित्यानंद हळदीपूर हे त्यांच्याकडे शिकले. मंच सोडला तरी शिकवणे त्यांनी सोडले नाही. एकांतापेक्षा हा भाग अनुकरणीय आहे.

सामूहिक गाण्याची सोय महाराष्ट्रात गल्लोगल्ली आहे आणि तिचा उपयोग फार थोडे करून घेतात. महिलांचे भजनी मंडळ, देवळातला हरिपाठ, ज्येष्ठांचा सुगम संगीताचा वर्ग, अलीकडचे कराओके क्लब, यांपैकी जे मानवेल ते धरावे. भजनी मंडळात एकटा आवाज उघडा पडत नाही. टाळ हातात असतो, धृपद सगळे मिळून म्हणतात. तिथे चौकशा होतात हेही खरे. पहिल्या दोन-तीन खेपांना प्रश्न येतील, ‘मिस्टर काय करतात’ हा त्यांतला ठरलेला. ‘आम्ही वेगळे झालो’ एवढे उत्तर तयार ठेवावे आणि लगेच पुढच्या अभंगाची पट्टी विचारावी. पुण्यात 1911 साली भास्करबुवा बखले यांनी स्थापन केलेला भारत गायन समाज, कोल्हापुरातला 1883 पासूनचा देवल क्लब अशा संस्थांमध्ये प्रौढांनाही शिकता येते आणि मैफली ऐकता येतात. मैफलीला एकट्याने जाणे हे नाटक-सिनेमाला एकट्याने जाण्यापेक्षा सोपे असते. मध्यंतराच्या चहाला शेजारचा अनोळखी माणूस गाण्याबद्दलच बोलतो.

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा होतात, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास. प्रारंभिकपासून प्रवेशिका, मध्यमा, विशारद आणि पुढे अलंकार अशी पायरी आहे. चाळिशीतल्या बाईने प्रारंभिकच्या परीक्षेला दहा वर्षांच्या पोरांच्या रांगेत बसणे हा प्रसंग करमणुकीचा असतो, आणि हसू येणे त्या काळात वाईट नाही. तरीही पहिल्या वर्षी परीक्षेला बसू नये. न्यायालयात एक निकाल लटकत असताना दुसऱ्या निकालाचे ओझे कशाला? दुसऱ्या वर्षी मात्र परीक्षेसारखे ठरलेले लक्ष्य रियाजाला बळ देते.

रियाजाची मर्यादाही स्पष्ट असावी. संगीतोपचार ही प्रशिक्षित माणसाने करायची वेगळी गोष्ट आहे. नैराश्यावरच्या अभ्यासांचा 2017 मधला कॉक्रेन आढावा सांगतो की नेहमीच्या उपचारांना संगीतोपचाराची जोड दिल्यास अल्पकाळात लक्षणे कमी होतात. जोड दिल्यास, उपचारांच्या जागी नव्हे. घरचा रियाज तर त्याहूनही साधी गोष्ट आहे. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप आणि भूक उडालेली असेल, कामावर जाणे जमत नसेल, दारूचे प्रमाण वाढत असेल किंवा जगणे नको असे विचार येत असतील तर तानपुरा बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे. केंद्र सरकारची टेली-मानस ही 14416 क्रमांकाची मोफत सेवा दिवसरात्र चालते आणि तिथे मराठीत बोलता येते. छळाचा प्रश्न असेल तर स्त्रियांसाठी 181 हा क्रमांक आहे.

वर्ष-दीड वर्षाने बहुतेकांचा रियाज आपोआप कमी होतो. कामे वाढतात, मित्रमंडळी परततात, काहींच्या आयुष्यात नवे माणूस येते. तासाभराचा रियाज वीस मिनिटांवर आला म्हणून अपराधी वाटून घेऊ नये आणि पुन्हा दुःख शोधून तो वाढवण्याच्या फंदातही पडू नये. वीस मिनिटांवर आला तर वीस मिनिटेच करावा. फक्त शिक्षकाकडचा आठवड्याचा तास सोडू नये.